थेंबांनी झोप लागली, पण सांध्यांचं काय?

पत्र :

डॉक्टरताई, नमस्कार. माझं वय ५८. नऊ वर्षांपूर्वी बोटांच्या सांध्यांना आमवात झाला आणि गेली दोन-तीन वर्षं उजवा गुडघाही झिजलाय. आठवड्यातून एकदा आमवातासाठी मेथोट्रेक्सेट, रोज स्टिरॉइडची छोटी गोळी आणि अधूनमधून झोपेची गोळी असं चालू आहे. मेथोट्रेक्सेटच्या दुसऱ्या दिवशी मळमळीने जीव नकोसा होतो. मुलीने बरंच वाचून मला सीबीडीचे, म्हणजे भांगेच्या झाडातल्या एका द्रव्याचे, थेंब आणि जेल आणून दिलं. आम्ही राहतो तिथे दोन्ही कायद्याने मिळतात. रोज २५ मिलिग्रॅम घेते. पाच आठवडे झाले. रात्रीची झोप परत आली, जेल चोळलं की गुडघा निवतो. म्हणून मी मेथोट्रेक्सेट बंद केलं. तीन आठवडे झाले, काहीही बिघडलेलं नाही. डॉक्टरांना सांगितलं नाही, ते रागावतील. आता मुलगी म्हणते, थेंब वाढव आणि स्टिरॉइडही सोड. सोडू का?

उत्तर :

ताई, थेंबांचं बोलूच, पण आधी ती स्टिरॉइडची गोळी. ती बंद करू नका. आज नाही, उद्या नाही, मनाने तर कधीच नाही. बरेच दिवस बाहेरून स्टिरॉइड मिळत राहिलं की मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी स्वतःचं काम मंद करतात. गोळी एकदम थांबली तर शरीराकडे ना बाहेरचं उरतं ना आतलं. मग उलट्या, कमालीचा थकवा, रक्तदाब कोसळणं, आणि एखाद्या साध्या तापातसुद्धा जिवावर बेतणं. ही गोळी कमी करता येते, कमी व्हायलाही हवी, पण ती पायरी-पायरीने आणि डॉक्टरांच्या हिशोबाने. मुलीला हा परिच्छेद आधी वाचायला द्या.

दुसरी गोष्ट मेथोट्रेक्सेटची. हे वाचून काळजी वाटली तरी चुकलेल्या तीन आठवड्यांच्या गोळ्या एकदम घेऊ नका. हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतल्याने माणसं दगावली आहेत. पुन्हा सुरू कधी आणि किती मात्रेने करायचं, ते डॉक्टरांना विचारूनच.

आता तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात जास्त बोचलेलं वाक्य : ‘तीन आठवडे झाले, काहीही बिघडलेलं नाही.’

मेथोट्रेक्सेट पेशींच्या आत जाऊन बसतं आणि तिथून फार हळू बाहेर पडतं. गोळी थांबली तरी तिचं काम काही आठवडे चालू राहतं. म्हणून ती सोडणाऱ्याला पहिल्या महिन्यात बहुधा बरंच वाटतं. मळमळ गेलेली असते, अंगात हुशारी आलेली असते आणि जुन्या गोळीचा आधार अजून पुरता सुटलेला नसतो. तुम्ही आत्ता अगदी त्याच आठवड्यांत आहात. तुम्हाला जे बरं वाटतंय ते खरं आहे, मला त्यावर अजिबात शंका नाही. मात्र त्याचं श्रेय थेंबांना द्यावं की अजून शरीरात टिकून असलेल्या मेथोट्रेक्सेटला, हे आज कुणालाच सांगता येणार नाही. आमवात उफाळतो तो पुढच्या काही आठवड्यांत, कधी दोन-चार महिन्यांनी. तोवर माणसाची खात्री पटलेली असते की औषधाची गरजच नव्हती.

माझ्या मावशीला हाच आजार होता. मेथोट्रेक्सेटला आमवातासाठी अमेरिकेत मान्यता मिळाली १९८८ मध्ये, मावशीचा आजार त्याच्या कितीतरी आधीचा. तेव्हा दुखणं दाबायच्या गोळ्या होत्या आणि त्या तिने भरपूर घेतल्या. दुखणं दबायचंही. पण तिची बोटं करंगळीच्या दिशेने वळत गेली, मनगटं अवघडली आणि शेवटची काही वर्षं तिला स्वतःच्या झंपरचं बटण लावता येत नव्हतं. ते मी लावून द्यायचे. वैद्यकीय शिक्षणात पुढे मला कळलं की तिच्या सांध्यांच्या आतलं अस्तर सुजून हाडाला आणि कूर्चेला पोखरत होतं, आणि दुखणं कमी असलेल्या दिवसांतही ते थांबलेलं नव्हतं. आमवातात दुखणं आणि सांध्याची नासाडी या दोन गोष्टी आहेत. दुखणं थांबवणारं औषध सांधा वाचवेलच असं नाही. सीबीडीच्या थेंबांनी माणसाच्या सांध्यांची झीज थांबते, हाडं पोखरली जाणं थांबतं, असं आजवर कुठल्याही चाचणीत सिद्ध झालेलं नाही. मेथोट्रेक्सेट ते काम करतं, म्हणून मी त्याच्यासाठी इतकी भांडतेय.

मुलीने जे वाचलं तेही पोकळ नाही. तिच्यावर रागावू नका, आईची रात्र-रात्र चाललेली तळमळ बघूनच तिने हा शोध घेतला असणार.

भांगेच्या झाडात शंभरावर कॅनाबिनॉइड द्रव्यं आहेत. त्यातलं टीएचसी नशा आणतं, सीबीडी आणत नाही. १९६४ मध्ये राफाएल मेशुलाम आणि येहिएल गाओनी यांनी टीएचसी शुद्ध स्वरूपात वेगळं काढून त्याची रचना मांडली. पण वनस्पतीतल्या द्रव्याला प्रतिसाद द्यायची सोय आपल्या शरीरात मुळात कशासाठी असावी, हा प्रश्न तसाच राहिला. १९९२ मध्ये मेशुलाम यांच्याच प्रयोगशाळेला मेंदूत एक द्रव्य सापडलं, आपलं शरीरच ते तयार करतं. त्याचं नाव ठेवलं ‘आनंदामाइड’, आपल्या ‘आनंद’ या संस्कृत शब्दावरून. हे सांगताना मला दर वेळी बरं वाटतं. या द्रव्यांचे ग्राहक, म्हणजे ती ज्यांना चिकटतात ते पेशींवरचे रेणू, मेंदूत आहेत, रोगप्रतिकारक पेशींवर आहेत आणि संधिवाताच्या रुग्णांच्या सांध्याच्या अस्तरातही सापडले आहेत. उंदरांमध्ये सीबीडीने सांध्यांची सूज कमी झाल्याचं २००० मध्ये दिसलं, २०१६ मध्ये त्वचेवर लावलेल्या सीबीडीच्या जेलने प्रयोगशाळेतल्या मोठ्या उंदरांचे (रॅट) सांधेही निवले. तेव्हा आशा ठेवायला जागा होती. अजूनही आहे.

प्रश्न माणसांच्या चाचण्यांचा आहे. आमवातावर सगळ्यात जास्त सांगितली जाणारी चाचणी २००६ ची : ५८ रुग्ण, पाच आठवडे, तोंडात फवारायचं औषध. हालचाल करताना होणारं दुखणं, बसल्या जागी होणारं दुखणं आणि झोप, तिन्हींत सुधारणा झाली. सकाळचा ताठरपणा मात्र तसाच राहिला. पण त्या फवाऱ्यात टीएचसी आणि सीबीडी दोन्ही होती. तुमच्या बाटलीत, लेबल खरं असेल तर, एकटं सीबीडी आहे. त्या फवाऱ्याचं यश या बाटलीच्या खात्यावर जमा करता येत नाही.

एकट्या सीबीडीची परीक्षा डेन्मार्कमध्ये झाली. बोटांची झीज आणि सोरायसिससोबत येणारा संधिवात असलेले १३६ रुग्ण, दिवसाला २० ते ३० मिलिग्रॅम, १२ आठवडे. तुमची २५ ची मात्रा नेमकी याच पट्ट्यात येते. निम्म्यांना सीबीडी दिलं, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. शेवटी दोन्ही गटांच्या दुखण्यात फरक निघाला नाही. मग मात्रा कमी पडली असेल का? तुमची मुलगी हेच म्हणेल, आणि शंका रास्त आहे. व्हिएन्नामध्ये गुडघ्याची झीज असलेल्या ८६ जणांवर दिवसाला ६०० मिलिग्रॅमपर्यंत देऊन आठ आठवडे पाहिलं, सोबत पॅरासिटामॉल सगळ्यांनाच. २०२३ मध्ये निकाल छापून आला. दुखण्यात जास्तीचा फायदा नाही, उलट सीबीडीच्या गटात लिव्हरच्या तपासण्या जास्त जणांच्या बिघडल्या. मात्रा चोवीसपट करूनही दुखणं हललं नाही. त्यामुळे ‘थेंब वाढव’ या सल्ल्याला माझ्या लेखी आधार उरत नाही.

तुम्ही म्हणाल, पण मला झोप लागते त्याचं काय? लागते, आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. तरी एक लक्षात घ्या. भांगेपासूनच्या औषधांच्या दुखण्यावरच्या चाचण्यांमध्ये औषध नसलेली नुसती गोळी घेणाऱ्यांनाही खूप आराम पडतो. २०२२ मध्ये अशा २० चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा हे ठळकपणे दिसलं. या औषधाभोवती आशेचं इतकं मोठं वातावरण आहे की शरीर त्या आशेलाही प्रतिसाद देतं. ही फसवणूक नव्हे, वेदना मेंदूत घडत असते आणि मेंदू अपेक्षेवर चालतो. शिवाय आमवात स्वतःच चढउतारांचा आजार आहे. माणूस नवीन उपाय सुरू करतो तो बहुधा सगळ्यात वाईट आठवड्यात, आणि त्यानंतर थोडा उतार यायचाच असतो.

जेलचं गणित वेगळं आहे. सीबीडी तेलात विरघळणारं द्रव्य आहे, ते कातडीच्या वरच्या थरातच बरंचसं अडकून राहतं. अंगठ्याच्या मुळाचा सांधा कातडीला लागून असतो. तिथे लावून पाहिलेल्या १८ रुग्णांच्या एका छोट्या चाचणीत दोन आठवड्यांत दुखणं कमी झालं होतं. गुडघा त्याहून खोल. गुडघ्याच्या झिजेवर सीबीडीच्या जेलची तीनशेवर रुग्णांमध्ये चाचणी झाली, आणि २०१७ मध्ये कळलं की आधी ठरवलेली मुख्य कसोटी ती पार करू शकली नाही. तुमचा गुडघा निवतो म्हणता ना? ट्यूबवरची घटकद्रव्यं वाचा. मेन्थॉल किंवा कापूर सापडेल असं मला वाटतं. तो गारवा त्यांचा. गारव्याने बरं वाटत असेल तर जरूर लावा, फक्त अखंड त्वचेवर, आणि लावल्यावर हात धुवा. पण गुडघ्याच्या झिजेसाठी भक्कम पुरावा असलेलं जेल हवं असेल तर ते डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामकाचं. गोळीपेक्षा त्याचा फारच थोडा भाग रक्तात उतरतो. त्यावर तुमच्या डॉक्टरांचा होकार घ्या, कारण स्टिरॉइडसोबत पोट आणि मूत्रपिंडं सांभाळावी लागतात.

पट्ट्या, चघळायच्या गोळ्या, पाण्यात मिसळणारे थेंब, नॅनो अमुक आणि नॅनो तमुक, दर महिन्याला नवं काहीतरी येतंय. द्रव्य तेच. ते शरीरात पोहोचवायची वाट बदलली म्हणून ते सांध्याला उपयोगी आहे हे सिद्ध होत नाही. धुराच्या वाटेने तर अजिबात नको. धूम्रपानाने आमवात होण्याची शक्यता वाढते आणि झालेल्याला तो जास्त छळतो.

बाटलीवरच्या लेबलावर किती विश्वास ठेवायचा? अमेरिकेत ऑनलाइन विकली जाणारी सीबीडीची ८४ उत्पादनं विकत घेऊन प्रयोगशाळेत तपासली, त्याचा निकाल २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. लेबलावर लिहिलेलं आणि आत असलेलं जुळलं फक्त २६ मध्ये. बाकीच्यांत कुठे कमी, कुठे जास्त. आणि १८ बाटल्यांत टीएचसी निघालं. तुमची झोप त्यातूनही आलेली असू शकते. टीएचसीने झोप येते, पण सोबत चक्कर, धडधड, उठताना डोळ्यांपुढे अंधारी आणि गोंधळलेपण येऊ शकतं. तुम्ही गाडी चालवत असाल तर हे आणखी महत्त्वाचं. म्हणून विक्रेत्याकडून त्याच बॅचचा, स्वतंत्र प्रयोगशाळेतला रिपोर्ट मागा. तो देता येत नसेल तर ती बाटली माझ्या मते कपाटात नको. भांगेच्या बियांचं तेल तर वेगळीच वस्तू, त्यात सीबीडी जवळपास नसतंच. कित्येकजण त्याच्यावर महिने घालवतात.

आता तुमच्या औषधांच्या डब्याकडे येते. मला खरी भीती इथे आहे. सीबीडी आणि झोपेची गोळी दोन्ही सुस्ती आणतात, एकत्र घेतल्यावर ती नुसती बेरीज राहत नाही. तुम्ही नऊ वर्षं आमवात सोसताय, स्टिरॉइड घेताय, पाळी गेलेली असणार. या तिन्हींनी हाडं ठिसूळ होतात. रात्री दोनला बाथरूमला उठलेली, अर्धवट झोपेतली, दुखऱ्या गुडघ्याची बाई पडली तर मनगट किंवा खुबा मोडतो. सांधेदुखीच्या रुग्णांमध्ये मी असे बरेच खुबे पाहिले आहेत. त्यानंतर चालणं पूर्वीसारखं होतंच असं नाही. या दोन गोष्टी एकाच रात्री घेऊ नका, हे मी अगदी हात जोडून सांगते.

लिव्हरवर मेथोट्रेक्सेटचा भार असतोच, म्हणून दर काही महिन्यांनी रक्त तपासतात. मोठ्या मात्रेत सीबीडीही तिथेच भार टाकतं. लहान मुलांच्या विशिष्ट अपस्मारासाठी अमेरिकेत २०१८ मध्ये मान्य झालेल्या सीबीडीच्या औषधासोबतही लिव्हरच्या तपासण्या सांगितलेल्या आहेत. त्याशिवाय बरीच औषधं लिव्हरमधल्या ज्या विकरांमुळे मोडली जातात, ती विकरं सीबीडी अडवतं. रक्त पातळ ठेवणारं वॉर्फरिन घेणाऱ्यांत त्यामुळे रक्त धोक्याइतकं पातळ झाल्याची नोंद आहे. तुम्ही पत्रात लिहायला विसरला असाल असं काही औषध आहे का, ते आठवून पाहा. ब्रिटनच्या अन्नसुरक्षा विभागाने २०२३ मध्ये निरोगी प्रौढांसाठीसुद्धा सीबीडीची रोजची मर्यादा १० मिलिग्रॅम सांगितली. तुम्ही त्याच्या अडीचपट घेताय, आणि तुम्ही निरोगी प्रौढांमध्ये मोडत नाही. आंतरराष्ट्रीय वेदना-अभ्यास संघटनेनेही २०२१ मध्ये स्पष्ट म्हटलं की दुखण्यासाठी कॅनाबिनॉइड सरसकट वापरायला आपला पाठिंबा नाही.

म्हणजे थेंब फेकून द्या असं सांगतेय का? नाही. तुमच्या डॉक्टरांना माहीत असेल, लिव्हरची तपासणी बरी असेल, झोपेची गोळी बाजूला ठेवलेली असेल, रिपोर्टवाली बाटली असेल, तर कमी मात्रेत आणखी काही आठवडे पाहायला माझी हरकत नाही. रोज एका वहीत तीन आकडे लिहा : दुखणं दहापैकी किती, सकाळी बोटं मोकळी व्हायला किती मिनिटं, रात्री किती तास झोप. डॉक्टर मेथोट्रेक्सेट पुन्हा सुरू करतील तेव्हा त्याच आठवड्यात थेंबांची मात्रा बदलू नका, नाहीतर कशाने काय झालं ते कळणार नाही. सहा-आठ आठवड्यांत आकडे हलले नाहीत तर थेंब सोडा. त्यांच्यासाठी एवढा खर्च आणि एवढी आशा दोन्ही मग दुसरीकडे लावता येतील. गुडघ्यासाठी तर नक्कीच. मांडीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या. वजन जास्त असेल तर कमी होणाऱ्या प्रत्येक किलोमागे चालताना पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो, हे मोजून पाहिलेलं आहे.

पण या सगळ्या गोंधळाच्या मुळाशी मला ती मळमळ दिसते. तुम्ही थेंबांच्या मोहाने औषध सोडलं नाही, दर आठवड्याच्या त्या वाईट दिवसाला कंटाळून सोडलं. आणि त्यावर कितीतरी उपाय आहेत. फॉलिक अ‍ॅसिड चालू आहे का? त्याची मात्रा वाढवता येते. गोळ्या एकाच दिवशी सकाळ-संध्याकाळ विभागून घेता येतात, रात्री झोपण्यापूर्वी घेता येतात. गोळीऐवजी कातडीखाली घ्यायचं इंजेक्शन असतं, त्याने बऱ्याचजणींचं पोट शांत होतं. तरीही जमलं नाही तर दुसरी औषधं आहेत. लेफ्लुनोमाइड आहे, सल्फासालाझिन आहे, बायोलॉजिक इंजेक्शनं आहेत. नऊ वर्षांत डॉक्टरांनी तुम्हाला ‘मळमळ होते का’ असं कधी विचारलं नसेल तर ती चूक त्यांची. तुम्ही सांगितलं नसेल तर आता सांगा.

ते रागावतील, ही भीती मला समजते. तपासणीच्या खोलीत आपण एकदम शाळेतल्या मुली होतो. फोनवर किंवा समोर बसून हे एवढंच वाक्य म्हणा : ‘डॉक्टर, मळमळ सहन न झाल्याने मी तीन आठवडे मेथोट्रेक्सेट घेतलेलं नाही, पाच आठवडे सीबीडीचे थेंब घेतेय, स्टिरॉइड चालू आहे. आता काय करू?’ यात रागवण्यासारखं काही नाही, यात डॉक्टरांना हवी असलेली सगळी माहिती आहे. थेंबांची बाटली आणि जेलची ट्यूब सोबत न्या. मुलीला घेऊन जा, तिचे प्रश्न तिला विचारू द्या. आणि रक्तात सीआरपी, ईएसआर (या सूज मोजणाऱ्या तपासण्या), लिव्हर तपासायला सांगतील तेव्हा थेंब किती वाजता घेतले तेही सांगा.

मधल्या दिवसांत बोटं सकाळी तासभर ताठ राहू लागली, मनगट सुजून गरम झालं, किंवा ताप, कावीळ, काळी शौच असं काही दिसलं, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी जा. रिपोर्ट आले की मला लिहा. मळमळीचं काय झालं तेही लिहा.